न उघडणारी बटणे : ‘सोलारिस’ची तीन रूपांतरे

माझ्याकडे एक दोनशेपानी वही आहे. तिच्या प्रत्येक पानावर मधोमध एक उभी रेघ मारलेली आहे. डावीकडे ‘पुस्तक’, उजवीकडे ‘चित्रपट’. विज्ञान कादंबरीवर निघालेला चित्रपट पाहायचा, कादंबरी शेजारी उघडून ठेवायची आणि एकेक प्रसंग ताडून पाहायचा, हा उद्योग मी वीस-पंचवीस वर्षे केला. जुळले तिथे बरोबरची खूण, गाळले तिथे फुली, पदरचे घातले तिथे गोल. शेवटी खुणा मोजायच्या. हे काम मला कोणी सांगितले नव्हते. पण कादंबरी वाचलेला माणूस चित्रपटगृहातून बाहेर पडताना ‘पुस्तकातलं काहीच नाही यात’ असे चिडून म्हणतो, तेव्हा त्याला नेमके काय हरवल्यासारखे वाटते, हे मला मोजून पाहायचे होते.

ही मोजणी फसली. ती एका कादंबरीपाशी येऊन फसली, आणि का फसली हे कळायला मला बरीच वर्षे लागली. त्या कादंबरीचे नाव ‘सोलारिस’.

१. समुद्र आणि ग्रंथालय

पोलिश लेखक स्तानिस्वाव लेम यांची ‘सोलारिस’ १९६१ साली प्रसिद्ध झाली. युरी गागारिनने पृथ्वीला प्रदक्षिणा घातली तेही हेच वर्ष. माणूस आता ताऱ्यांपर्यंत पोचणार, तिथल्या बुद्धिमान जीवांशी त्याची गाठ पडणार, मग एक तर युद्ध होईल नाहीतर मैत्री, अशी स्वप्ने तेव्हा पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे सारखीच रंगवली जात होती. लेम मूळचे वैद्यकाचे विद्यार्थी. त्यांनी या स्वप्नाला एक साधा प्रश्न विचारला : समोरचा आपल्याहून इतका वेगळा असला की युद्ध आणि मैत्री हे दोन्ही शब्द त्याला लागूच पडत नाहीत, तर?

कादंबरीतला सोलारिस हा ग्रह एक तांबडा आणि एक निळा अशा दोन सूर्यांभोवती फिरतो. गणिताप्रमाणे त्याची कक्षा अस्थिर असायला हवी, पण ती स्थिर आहे. कारण ग्रहाला वेढून असलेला समुद्र हा एकच एक अवाढव्य जीव असून तोच आपली कक्षा सावरून धरतो. माणसे शंभराहून अधिक वर्षे या समुद्राचा अभ्यास करत आहेत. त्याच्या पृष्ठभागावर डोंगराएवढे आकार उठतात, काही काळ टिकतात आणि विरून जातात. शास्त्रज्ञांनी त्यांना नावे दिली, वर्गवारी केली, सिद्धान्त मांडले, ते खोडले, पंथ काढले, ग्रंथालये भरली. ‘सोलारिसशास्त्र’ नावाची एक विद्याशाखाच उभी राहिली. समुद्र मात्र एका प्रश्नाचेही उत्तर देत नाही.

अशा ग्रहावरच्या संशोधन स्थानकात मानसशास्त्रज्ञ क्रिस केल्विन येऊन पोचतो. तिथल्या तीन शास्त्रज्ञांपैकी गिबारियानने आत्महत्या केली आहे. स्नाउत आणि सार्तोरिउस भेदरलेले आहेत. प्रत्येकाच्या खोलीत कोणीतरी ‘पाहुणा’ आहे. दुसऱ्या दिवशी केल्विनला जाग येते तेव्हा त्याची दहा वर्षांपूर्वी वारलेली बायको हारेय त्याच्यासमोर बसलेली असते. त्या दोघांचे भांडण झाले होते, तो घर सोडून गेला होता, आणि तिने सुई टोचून जीव दिला होता. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आताही ती एकोणीस वर्षांचीच आहे. समुद्राने माणसांच्या मेंदूतल्या सर्वांत खोल, सर्वांत दुखऱ्या जागेतून ही पात्रे उचलून घडवली आहेत. का, ते कोणालाच माहीत नाही. शिक्षा म्हणून, भेट म्हणून की नुसता प्रयोग म्हणून, याचा शेवटपर्यंत उलगडा होत नाही.

कादंबरीची चौदा प्रकरणे आहेत. त्यांतली काही जवळपास संपूर्णपणे ग्रंथालयात घडतात. केल्विन जाड जाड ग्रंथ काढून वाचतो आणि लेम आपल्याला त्या काल्पनिक शास्त्राचा शंभर वर्षांचा इतिहास सांगत बसतात. पहिल्या वाचनात मी ही प्रकरणे चाळून पुढे गेलो होतो. मला हारेयचे काय होते ते हवे होते. हा अनुभव माझ्या एकट्याचा नसावा. ज्या दिग्दर्शकांनी ही कादंबरी हाती घेतली त्यांनीही थोडेफार असेच केले.

२. तीन पडदे

‘सोलारिस’ पडद्यावर प्रथम आणली बोरिस निरेनबर्ग यांनी, सोव्हिएत दूरचित्रवाणीसाठी, १९६८ साली. दोन भागांचा हा कृष्णधवल टेलिप्ले. वासिली लानोवोय यात केल्विन झाले होते. दुसरे रूपांतर आंद्रेई तार्कोव्हस्की यांचे, मोसफिल्मचे, १९७२ सालचे. कान महोत्सवात त्याला परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले. पावणेतीन तासांच्या आसपास लांबीच्या या चित्रपटात दोनातास बानिओनिस आणि नताल्या बोंदार्चुक यांच्या भूमिका आहेत. तिसरे रूपांतर अमेरिकन : २००२ साली स्टीव्हन सोडरबर्ग यांनी जॉर्ज क्लूनी आणि नताशा मॅकेलहोन यांना घेऊन केलेले. निर्मात्यांमध्ये जेम्स कॅमेरॉन होते. याची लांबी तार्कोव्हस्कीच्या चित्रपटापेक्षा तासाभराहून अधिक कमी.

माझ्या वहीच्या हिशेबाने निरेनबर्ग पहिले आले. त्यांचे कथानक स्थानकावरच राहते, प्रसंगांचा क्रम बहुतांशी लेमचा आहे आणि संवादही बरेचसे पुस्तकातून उचललेले आहेत. पानभर बरोबरच्या खुणा. पण टेलिप्ले पाहताना एखाद्या बंद नाट्यगृहात बसल्यासारखे वाटते. माणसे खोल्यांतून बोलतात, येतात, जातात. ज्याच्यासाठी हे सारे घडते तो समुद्र जवळजवळ पडद्यावर येतच नाही. साधने तुटपुंजी होती, हे उघड आहे. तरीही समुद्र नसलेल्या ‘सोलारिस’ला सर्वांत जास्त गुण मिळावेत, हे पाहून माझा पेन थबकला होता.

तार्कोव्हस्कीच्या पानावर गोलांची गर्दी झाली. लेमची कादंबरी सुरू होते तीच मुळी केल्विनच्या अवकाशयानातून स्थानकाकडे झेपावण्याने. पृथ्वीवर एकही प्रसंग घडत नाही. तार्कोव्हस्की मात्र पहिला पाऊणएक तास पृथ्वीवरच काढतात. तळ्यातले हलणारे शेवाळ, वडिलांचे लाकडी घर, घोडा, अचानक आलेला पाऊस. पुस्तकात बर्टन हा वैमानिक एका जुन्या अहवालातले पात्र आहे, केल्विन त्याची जबानी वाचतो. चित्रपटात तो म्हातारा होऊन वडिलांच्या घरी येतो, आणि परतताना त्याची मोटार ज्या भुयारांतून व उड्डाणपुलांवरून धावते ते रस्ते टोकियोचे आहेत. स्थानकाच्या ग्रंथालयात ब्रूगेलचे १५६५ सालचे ‘बर्फातले शिकारी’ हे चित्र आहे आणि पार्श्वभूमीला बाखचे संगीत आहे. शेवट तर पूर्ण वेगळा. केल्विन वडिलांच्या घरापाशी येतो, घरात छतातून पाऊस पडत असतो, तो वडिलांपुढे गुडघे टेकतो. मग कॅमेरा वर वर जातो आणि दिसते की ते घर, ते तळे म्हणजे सोलारिसच्या समुद्रातले एक बेट आहे.

सोडरबर्गच्या पानावर फुल्याच फुल्या होत्या. सोलारिसशास्त्र नाही, ग्रंथालय नाही, ग्रहाच्या कक्षेचे कोडे नाही. त्याऐवजी पृथ्वीवरच्या प्रेमाच्या आठवणी, लग्न, भांडण. स्नाउतचा झाला स्नो, आणि तो स्वतःच ‘पाहुणा’ असल्याचे शेवटी उघड होते. हे पुस्तकात नाही.

म्हणजे क्रम लागला : १९६८, १९७२, २००२. जसजसा काळ गेला तसतसे मूळ पातळ होत गेले. वहीत मी तसे लिहूनही ठेवले होते. हा निष्कर्ष मी एका व्याख्यानातही सांगितला. तो चुकीचा होता, असे आज मला वाटते.

३. आरसा

पहिली शंका एका संवादावरून आली. कादंबरीत स्नाउत केल्विनला सुनावतो की माणूस विश्व जिंकायला निघाल्याचा आव आणतो, पण त्याला दुसरी जगे नकोच आहेत. त्याला हवे आहेत आरसे. हा संपूर्ण पुस्तकाचा कणा. तार्कोव्हस्कीच्या चित्रपटातही ग्रंथालयातल्या वाढदिवसाच्या प्रसंगात स्नाउत जवळपास हेच बोलतो. मी ठसठशीत बरोबरची खूण केली होती.

पण चित्रपटातला स्नाउत तिथे थांबत नाही. माणसाला माणूसच हवा, असे तो पुढे म्हणतो. लेमच्या पुस्तकात आरशाचे वाक्य हा माणसावरचा आरोप आहे : एवढे अंतर कापून आलात आणि समोरचे परके पाहण्याची तुमची तयारी नाही! चित्रपटात त्याच आरोपाची कबुली होते, आणि कबुली देता देता ती मायेची होऊन जाते. आरसा हवा आहे ना, मग त्यात पाहूच या. आपला भूतकाळ, आपले घर, आपण दुखावलेली माणसे. ब्रूगेलचे चित्र, बाख, वडिलांचे घर ही सगळी भर त्याच दिशेने घातलेली आहे. शब्द तेच राहिले, त्यांच्या शेजारी काय ठेवले ते बदलले, आणि अर्थ उलटला. माझ्या उभ्या रेघेला हे दिसणे शक्यच नव्हते.

लेमना ते लगेच दिसले. ते पटकथेच्या चर्चेसाठी मॉस्कोला गेले होते आणि भांडून परतले. सुरुवातीच्या एका खर्ड्यात तर केल्विनला पृथ्वीवर दुसरी बायकोही दिली होती. तार्कोव्हस्कीने ‘सोलारिस’ केलाच नाही, दस्तयेव्हस्कीचा ‘गुन्हा आणि शिक्षा’ केला, असे लेम पुढे मुलाखतींतून सांगत राहिले. त्यांची तक्रार नीट ऐकण्यासारखी आहे. प्रसंग गाळल्याचे त्यांना फारसे दुःख नव्हते. पृथ्वी ऊबदार आणि अवकाश भयाण, म्हणून माणसाने घरी परतावे, हा सूर त्यांना अमान्य होता. त्यांचा केल्विन घरी जात नाही. कादंबरीच्या शेवटी तो पहिल्यांदाच समुद्राच्या काठावर उतरतो, हात पुढे करतो. लाट येते, हाताभोवती हवेचा पातळ थर सोडून त्याला वेढते, पण स्पर्श करत नाही. तो पुन्हा पुन्हा हात पुढे करतो. मग समुद्राचे कुतूहल संपते. केल्विन तिथेच राहायचे ठरवतो. समोरचे कळणार नाही हे कळूनही तो तिथून हलत नाही. लेमच्या दृष्टीने ज्ञानाची निष्ठा ती हीच.

तार्कोव्हस्कीही स्वतःच्या चित्रपटावर पूर्ण खूश नव्हते, पण उलट कारणाने. याने, स्थानक, यंत्रे हा विज्ञानकथेचा सरंजाम अजून कमी असता तर आपले म्हणणे अधिक स्वच्छ पोचले असते, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. म्हणजे लेखकाला जे कमी पडले तेच दिग्दर्शकाला जास्त झाले होते. दोघांच्या मधला बिंदू शोधण्यात अर्थ नाही. ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते.

४. कापावा लागलेला झगा

दुसरी शंका एका कपड्यावरून आली. कादंबरीत हारेय प्रथम येते तेव्हा तिच्या अंगात पांढरा झगा असतो. तिला तो बदलायचा असतो, पण तो निघत नाही. समोर बटणे आहेत, पण ती नुसती शोभेची. झग्याला उघडायला जागाच नाही. शेवटी केल्विनला कापड कापावे लागते. तार्कोव्हस्कीने हा प्रसंग जपला आहे : झग्यावर बंद आहेत पण ते बांधायला-सोडायला फट नाही, आणि केल्विन कात्री घेतो.

हे इतके महत्त्वाचे का? समुद्राने झगा बनवला तो केल्विनच्या आठवणीवरून. आठवणीत बटणे दिसतात; ती काजातून निघतात कशी, हे कोणी आठवणीत साठवून ठेवत नाही. म्हणून दिसणारे सगळे हुबेहूब उतरले आणि चालणारे राहून गेले. समुद्राची ही नक्कल एका अर्थाने अतिशय प्रामाणिक आहे. जे दिसले त्यातले काही तिने गाळले नाही, पदरचे काही घातले नाही. माझ्या वहीने तिला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

मग माझ्या लक्षात आले की मी इतकी वर्षे बटणेच मोजत होतो. निरेनबर्ग यांचा टेलिप्ले बटणांच्या बाबतीत चोख आहे. प्रश्न असा विचारायला हवा होता की त्यांतली कोणती बटणे उघडतात.

या प्रश्नाने सोडरबर्गचे पान पुन्हा वाचले आणि चकित झालो. त्या चित्रपटात केल्विनच्या बायकोला एका क्षणी उमगते की आपण आत्महत्येकडे ओढलो जातो कारण नवऱ्याला आपण तशाच आठवतो. तिचे स्वतःचे काही नाही; ती त्याच्या आठवणीची कैदी आहे. हे लेमच्या पुस्तकात अशा शब्दांत नाही. पण झग्याच्या प्रसंगात जे बीज आहे तेच इथे उगवले आहे, आणि तार्कोव्हस्कीच्या चित्रपटात ते इतके स्पष्ट उगवलेले नाही. ज्या चित्रपटात सर्वांत जास्त फुल्या होत्या त्याने लेमची एक कल्पना इतरांपेक्षा पुढे नेली.

लेमचे समाधान मात्र याने झाले नसते. चित्रपटाविषयीची परीक्षणे वाचून त्यांनी २००२ सालीच लिहिले की आपले पुस्तक अवकाशातल्या माणसांच्या प्रेमप्रकरणांबद्दल नव्हते. म्हणूनच तर त्याचे नाव ग्रहाच्या नावावरून ठेवले. हा टोला रास्त आहे. नायक समुद्र आहे, आणि तिन्ही रूपांतरांत नायकाला दुय्यम भूमिका मिळाली.

५. मूळ कोणते?

तिसरी शंका सर्वांत अडचणीची होती, कारण ती माझ्या स्वतःच्या टेबलावरच्या पुस्तकाबद्दल होती. मला पोलिश येत नाही. माझ्याकडची ‘सोलारिस’ जुन्या बाजारात घेतलेली इंग्रजी प्रत होती. तिच्यात नायिकेचे नाव रेया होते आणि शास्त्रज्ञाचे नाव स्नो. पुण्यात फिल्म सोसायटीच्या खेळाला मी तार्कोव्हस्कीचा चित्रपट पाहिला तेव्हा पडद्यावर हारी आणि स्नाउत अशी नावे ऐकून मी घरी येऊन वहीत लिहिले : ‘दिग्दर्शकाने नावे बदलली.’ दोन फुल्या.

वस्तुस्थिती उलटी होती. १९७० सालची ती इंग्रजी आवृत्ती, जोआना किलमार्टिन आणि स्टीव्ह कॉक्स यांनी केलेली, पोलिशवरून झालेलीच नव्हती; ती फ्रेंच अनुवादावरून झाली होती. हारेय या नावातली रोमन अक्षरे इकडची तिकडे करून तिथे रेया झाली. लेमना इंग्रजी चांगले वाचता येत असे आणि हा अनुवाद त्यांना आवडला नव्हता. थेट पोलिशवरून बिल जॉन्स्टन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आला तो २०११ साली, कादंबरीला पन्नास वर्षे झाल्यावर. लेम त्याआधी पाच वर्षे वारले होते. म्हणजे ‘नावे बदलणारा’ म्हणून ज्याच्यावर मी फुली मारली त्या रशियन चित्रपटातली नावे मुळाच्या जवळ होती आणि माझ्या हातातले पुस्तकच दूरचे होते. सोडरबर्गच्या चित्रपटात पुन्हा रेया आणि स्नो आहेत. नावांपुरता तो चित्रपट प्रामाणिक आहे, पण इंग्रजी अनुवादाशी.

ज्याला आपण मूळ म्हणतो ते आपल्यापर्यंत पोचेस्तोवर किती हातांतून गेलेले असते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. माझ्या पिढीला ज्यूल व्हर्न भेटला तो भा. रा. भागवतांच्या मराठीतून, आणि आमच्यासाठी तोच खरा व्हर्न होता.

६. लेखकांचे रागलोभ

मूळ लेखकाचा कौल हा शेवटचा, असे मानले तर प्रश्न सुटेल का? तिथेही पंचाईत आहे. अर्कादी आणि बोरिस स्त्रुगात्स्की या भावांची ‘रस्त्याकडेची सहल’ ही कादंबरी १९७२ साली मासिकातून आली. परग्रहवासी पृथ्वीवर क्षणभर थांबले, सहलीला आलेल्या माणसांसारखा कचरा टाकून निघून गेले, आणि आपण मुंग्यांसारखे त्या कचऱ्याभोवती फिरतो आहोत, ही तिची कल्पना. तिच्यावरून तार्कोव्हस्कीने १९७९ साली ‘स्टॉकर’ केला. त्यात सहल नाही, ती अद्भुत वस्तूंची चोरटी बाजारपेठ नाही, दांडगट नायकाच्या जागी एक व्याकूळ श्रद्धाळू माणूस आहे. लेमच्या बाबतीत झाले त्याहून हे बदल मोठे. पण इथे पटकथा लिहिली होती स्वतः स्त्रुगात्स्की बंधूंनी, खर्ड्यांवर खर्डे करत. लेखकच पुस्तक मोडायला राजी असेल तर बेइमानी कोणाची म्हणायची?

फिलिप के. डिक यांच्या १९६८ सालच्या कादंबरीत यंत्रमानवांना दुसऱ्याचे दुःख कळत नाही, आणि त्यावरच त्यांची परीक्षा होते. प्राणी जवळपास नामशेष झाले आहेत. नायकाच्या गच्चीवर विजेवर चालणारी मेंढी आहे आणि खरे जनावर पाळण्याची त्याला आस आहे. १९८२ सालच्या रिडली स्कॉट यांच्या ‘ब्लेड रनर’मध्ये मेंढी नाही, नायकाची बायको नाही, पुस्तकातला धर्मपंथ नाही. शिवाय शेवटी यंत्रमानवच आपल्या शिकाऱ्याचा जीव वाचवतो. तरीही, सुरुवातीच्या पटकथेवर चिडलेले डिक सुधारित पटकथा आणि विशेष दृश्यांचा काही भाग पाहून भारावून गेले. चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच, मार्च १९८२ मध्ये ते वारले.

आणि आर्थर क्लार्क यांचे उदाहरण तर उलट्या प्रवाहाचे. ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ची कादंबरी आणि चित्रपट बरोबरीने तयार झाले. कादंबरीत यान शनीकडे जाते. शनीची कडी पडद्यावर पटण्याजोगी दाखवणे जमेना, म्हणून स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९६८ सालच्या चित्रपटात ते गुरूकडे जाते. क्लार्क यांनी १९८२ साली पुढचा भाग लिहिला तेव्हा त्यांनी स्वतःच्या कादंबरीतला शनी सोडला आणि चित्रपटातला गुरू धरला.

लेम चिडले, स्त्रुगात्स्की सामील झाले, डिक भारावले, क्लार्क वळले. लेखकाची पसंती हा एक पुरावा आहे, निकाल नव्हे.

७. विज्ञान आधी का गळते?

या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट समान दिसते. पडद्यावर जाताना माणसे टिकतात, विज्ञान गळते. याचे एक कारण माध्यमाचे आहे. लेम समुद्रातल्या आकारांचे पानेच्या पाने वर्णन करतात, आणि प्रत्येक वर्णनानंतर सांगतात की हेही अपुरे आहे. शब्दाला ही सोय असते. तो ‘सांगता येत नाही’ असे सांगू शकतो. कॅमेऱ्याला काहीतरी दाखवावेच लागते, आणि दाखवले की ते दाखवता येण्याजोगे ठरते. दुसरे कारण वेळेचे. शंभर वर्षांच्या फसलेल्या सिद्धान्तांचा इतिहास दोन तासांत बसवायचा तर कोणीतरी उभे राहून भाषण द्यायला हवे. तिसरे कारण पैशाचे. अवकाशस्थानक उभारायला मोठा खर्च येतो, तो वसूल व्हायला मोठा प्रेक्षक हवा, आणि त्या प्रेक्षकाला प्रेमकथा ओळखीची वाटते. ज्ञानाची निराशा विकायला अवघड.

मराठी विज्ञानकथेच्या चर्चेत एक कसोटी नेहमी सांगितली जाते : विज्ञान काढून घेतल्यावर कथा उभी राहते का? राहिली तर ती विज्ञानकथा नव्हे. या कसोटीला लावले तर सोडरबर्गचा चित्रपट बहुतांशी उभा राहतो; एखाद्या भुताच्या गोष्टीनेही ते काम झाले असते. तार्कोव्हस्कीचा अर्धामुर्धा उभा राहतो. लेमची कादंबरी मात्र कोसळते, कारण तिच्यात हारेयचे दुःख आणि सोलारिसशास्त्राची हार ही एकाच प्रश्नाची दोन रूपे आहेत : समोरची व्यक्ती असो की समुद्र, मी तिला ओळखतो म्हणजे माझ्या मनातल्या प्रतिमेलाच ओळखतो का? मी पहिल्या वाचनात चाळून सोडलेली ग्रंथालयाची प्रकरणे काढली तर उरते ती फक्त एक करुण प्रेमकथा. रूपांतरांनी मूळ बदलले ते हारेयच्या प्रसंगांत नव्हे. त्या चाळून सोडलेल्या पानांत.

८. प्रश्नाशी इमान

मग प्रामाणिक रूपांतर शक्यच नाही का? आपल्याकडे याचे उत्तर रंगभूमीने केव्हाच दिले आहे. पु. ल. देशपांडे यांनी शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून ‘ती फुलराणी’ केले. लंडन गेले, इंग्रजी उच्चारांचा सगळा खेळ गेला, माणसांची नावे गेली. माझ्या वहीत त्याला सगळ्या फुल्याच मिळाल्या असत्या. पण बोली बदलली की माणसाची समाजातली जागा बदलते का, आणि ती बदलणाऱ्याला त्या माणसावर काय हक्क पोचतो, हा शॉचा प्रश्न मराठी बोलींच्या मातीत जसाच्या तसा उभा राहिला. भाषांतर, अनुवाद, रूपांतर, ‘वर आधारित’, ‘वर बेतलेले’ हे शब्द आपण उगाच वेगवेगळे ठेवलेले नाहीत. चित्रपटाबद्दल बोलताना मात्र आपण ते विसरतो आणि प्रत्येक रूपांतराकडून भाषांतराची अपेक्षा धरतो.

आता माझ्या वहीत तिसरा रकाना आहे. त्यात खुणा नसतात, एकच ओळ असते : मुळाने काय विचारले होते, आणि रूपांतराने काय विचारले? ‘सोलारिस’च्या पानावर ती अशी आहे. लेमने विचारले, परके आपल्याला कधी कळेल का? निरेनबर्गने तोच प्रश्न उच्चारला, पण परके समोर आणले नाही. तार्कोव्हस्कीने विचारले, माणसाने आपल्याच माणसांचे देणे कसे फेडावे? सोडरबर्गने विचारले, प्रेम करतो ती व्यक्तीवर की आपल्या आठवणीवर? यांपैकी तार्कोव्हस्कीचा चित्रपट मला सर्वांत मोठा वाटतो आणि त्याच्यावरची लेमची तक्रार खरी वाटते. पूर्वी मला या दोहोंतले एक खोटे ठरवावेसे वाटायचे. आता वाटत नाही. मोठी कलाकृती मुळाशी बेइमान असू शकते. फक्त ती बेइमान आहे हे स्वच्छ म्हणता आले पाहिजे, नाहीतर चित्रपट पाहिलेला माणूस पुस्तक वाचल्याच्या समजुतीत राहतो आणि लेमचा प्रश्न त्याच्यापर्यंत कधी पोचतच नाही.

म्हणून ‘सोलारिस’ पाहिलेल्या मित्रांना मी सध्या एकच विनंती करतो. कादंबरी मिळवा आणि ग्रंथालयाची प्रकरणे आधी वाचा. कंटाळा येईल. तो येऊ द्या. शंभर वर्षे एका न बोलणाऱ्या समुद्रापुढे बसलेल्या माणसांनाही तो आलाच होता, आणि तरी त्यांनी वह्या भरल्या. त्यानंतर हारेयला भेटा. तिचा झगा उघडत का नाही, ते तुम्हाला मला कळले त्यापेक्षा लवकर कळेल.